बडीप्रेसची टेम्प्लेट्स बदलायची कशी? सोलापूरच्या कारखानदारांची साइट समोर ठेवून सगळं सांगतो

बडीप्रेस म्हणजे वर्डप्रेसच्या साइटवर मेंबर्स, प्रोफाइल, ग्रुप्सची सोय करणारा प्लगइन, आणि टेम्प्लेट म्हणजे त्याचं पान कसं दिसायचं ते ठरवणारी फाइल. वर्डप्रेसवर बडीप्रेस टाकलं, ॲक्टिव्हेट केलं आणि मेंबर्सचं पान उघडलं की काय दिसतं? फोटो, नाव, आणि खाली हा मेंबर किती दिवसांपूर्वी ॲक्टिव्ह होता ती ओळ, बस. गप्पा मारायच्या ग्रुपला हे चालून जातं, पण समजा साइट सोलापूरच्या यंत्रमागवाल्यांची आहे, चादरवाले, टर्किश टॉवेलवाले, सायझिंगवाले (सुताला खळ लावणारे), डाईंगवाले सगळे एका जागी आणायचेत, तर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला माणूस ते पान उघडून करणार काय? कोण कधी ऑनलाइन होता याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही. त्याला बघायचंय समोरचा माणूस नॅपकीन काढतो का जॅकार्ड चादर, कारखाना अशोक चौकाकडे आहे का एमआयडीसीत, आणि फोन लावायचा कुठल्या नंबरवर. तेही मोबाईलवर, मागांच्या खडखडाटात उभं राहून, एका हाताने. म्हणजे पान बदलावंच लागणार, आणि ते नीट कसं बदलायचं तेच आता पायरी-पायरीने सांगतो.

एक आधीच सांगून ठेवतो, फाइलींची आणि फंक्शनची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय, प्रत्यक्षात ती सगळी इंग्रजी छोट्या अक्षरांत असतात. फाइलींच्या नावात दोन शब्दांच्या मध्ये डॅश असतो आणि फंक्शनच्या नावात अंडरस्कोर, एवढं लक्षात ठेवलं की शोधताना अडत नाही.

आधी हे ठरवा: खरंच टेम्प्लेट बदलायला पाहिजे का?

बरेच जण थेट प्लगइनच्या फोल्डरात घुसतात आणि तिथली फाइल एडिट करतात. हे कधीच करू नका. प्लगइनचं अपडेट आलं की ते अख्खं फोल्डर नव्याने लिहिलं जातं आणि तुमचं काम एका क्लिकमध्ये साफ. पण माझं म्हणणं त्याच्याही पुढचं आहे, चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मूळ (पॅरंट) थीमवर बसवलेल्या तुमच्या छोट्या थीममध्ये, फाइल कॉपी करणं हा सुरक्षित मार्ग असला तरी तो शेवटचा मार्ग धरा. कारण जी फाइल तुम्ही कॉपी केली ती त्या दिवसापासून तुमची झाली, बडीप्रेसने पुढे त्यात काही दुरुस्ती केली, एखादी सिक्युरिटीची फट बुजवली, तर ती तुमच्या कॉपीत आपोआप येणार नाही, तुम्हालाच आणावी लागणार. म्हणून जितक्या कमी फाइली कॉपी कराल तितकं पुढचं वर्ष सुखाचं जाईल.

मी कामाला बसलो की आधी सेटिंग बघतो, मग सीएसएस (रंग, आकार, मांडणीचे नियम), मग हुक किंवा फिल्टर (मूळ फाइल न बदलता आपला कोड जोडायच्या जागा), आणि या तिघांनी भागलं नाही तरच टेम्प्लेट फाइल. आपल्याच साइटवर लावून बघा. कारखानदारांना फ्रेंड्सचा टॅब नको आहे. त्याला टेम्प्लेट लागत नाही, सेटिंग्समध्ये बडीप्रेसचं पान उघडा, कंपोनंट्समध्ये फ्रेंड कनेक्शन्सची टिक काढा, टॅब गेला. मेंबर्सची यादी एकाखाली एक न दिसता दोन-तीन कॉलमात पाहिजे? नूव्हो हा टेम्प्लेट पॅक, म्हणजे टेम्प्लेट्सचा संच, चालू असेल तर वर्डप्रेसच्या कस्टमायझरमध्ये (साइटचं रूप बदलायच्या पानावर) बडीप्रेस नूव्होचा वेगळा भाग असतो, तिथे कॉलमची संख्या निवडता येते, प्रोफाइलचे टॅब पुढेमागे करता येतात, आडवे का उभे तेही ठरवता येतं. बटणाचा रंग चादरीच्या लाल-हिरव्याला जुळवायचाय? सीएसएस. टॅबचं नाव मराठीत पाहिजे? ते भाषांतराचं काम, त्यावर पुढे येतो. उरतं काय तर यादीत मेंबरच्या नावाखाली माल, परिसर आणि फोन दाखवणं. ते मात्र टेम्प्लेटचं काम.

कुठला टेम्प्लेट पॅक चालू आहे ते बघा

बडीप्रेसबरोबर दोन टेम्प्लेट पॅक येतात, जुना लेगसी आणि नवा नूव्हो. नूव्हो २०१८ मध्ये ३.० व्हर्जनबरोबर आला. सेटिंग्स, बडीप्रेस, ऑप्शन्स इथे टेम्प्लेट पॅकचा ड्रॉपडाउन आहे, त्यात कुठला निवडलाय ते बघून घ्या, कारण दोन्ही पॅकमध्ये फाइलींची नावं बरीचशी सारखी पण आतला मजकूर वेगळा. नूव्हो चालू असताना लेगसीची फाइल कॉपी करून टाकली तर पान उघडतं पण बटणं चालत नाहीत, सर्च चालत नाही, आणि माणूस दिवसभर जावास्क्रिप्टला दोष देत बसतो. नवीन साइट असेल तर सरळ नूव्होच ठेवा. इथून पुढे मी नूव्हो धरूनच बोलतोय, आणि थीम क्लासिक प्रकारची आहे असं धरतोय, म्हणजे जिच्यात पीएचपीच्या टेम्प्लेट फाइली असतात ती. नुसत्या ब्लॉकवर चालणाऱ्या थीममध्ये बाहेरच्या चौकटीचं गणित वेगळं असतं.

दुसरी गोष्ट व्हर्जनची. डिसेंबर २०२३ मध्ये १२.० आलं आणि त्यात पत्त्यांची, म्हणजे यूआरएलची, सगळी व्यवस्था बदलली. त्याआधी मेंबर्स, ग्रुप्स, ॲक्टिव्हिटी ही पानं वर्डप्रेसच्या पेजेसच्या यादीत दिसायची, आता ती तिथे दिसत नाहीत, सेटिंग्समध्ये बडीप्रेसच्या यूआरएल्स टॅबमध्ये गेली. पत्त्यात मेंबर्सऐवजी कारखानदार असा शब्द पाहिजे असेल तर तो तिथेच बदलायचा, टेम्प्लेटशी त्याचा संबंध नाही. जुने व्हिडिओ बघून पेजेसमध्ये ती पानं शोधत बसू नका. आणि एखादा जुना ॲडऑन प्लगइन १२ नंतर बिघडला असेल तर बडीप्रेसवाल्यांनीच काढलेला बीपी क्लासिक नावाचा प्लगइन आहे, तो टाकला की जुनी पद्धत परत चालू होते.

बडीप्रेस फाइल शोधतं कसं

हा भाग नीट डोक्यात बसला की बाकी सगळं सोपं. मेंबर्सचं पान मागितलं की बडीप्रेस आधी चाइल्ड थीममध्ये बडीप्रेस नावाचं फोल्डर आहे का बघतं, त्यात हवी ती फाइल सापडली तर तीच वापरतं. नाही सापडली तर पॅरंट थीममध्ये बघतं, तिथेही नाही तर स्वतःच्या प्लगइनमधली वापरतं. बास, एवढंच. जॅकार्डवर काम केलेल्याला हे लगेच पटेल, नक्षी बदलायची म्हणून कोणी माग खोलत नाही, पंचकार्ड बदलतात. प्लगइन म्हणजे माग, त्याला हात लावायचा नाही, तुमची कॉपी केलेली फाइल म्हणजे नवं कार्ड.

प्लगइनमध्ये मूळ फाइली कुठे असतात? प्लगइन्सच्या फोल्डरात बडीप्रेस, त्यात बीपी-टेम्प्लेट्स, त्यात बीपी-नूव्हो, आणि त्यात परत बडीप्रेस नावाचं फोल्डर. या शेवटच्या फोल्डरात ॲक्टिव्हिटी, ग्रुप्स, मेंबर्स, कॉमन अशी फोल्डरं दिसतील. इथली रचना जशीच्या तशी चाइल्ड थीमच्या बडीप्रेस फोल्डरात ठेवायची. मेंबर्स फोल्डरातली मेंबर्स-लूप फाइल (मेंबरांची यादी छापणारी) पाहिजे असेल तर चाइल्ड थीममध्ये बडीप्रेस, त्यात मेंबर्स, त्यात मेंबर्स-लूप. एक फोल्डर चुकलं तर काहीच होत नाही, एररही येत नाही, पान आपलं जुनंच दिसत राहतं, आणि म्हणूनच लोक इथे सगळ्यात जास्त वेळ घालवतात.

एक खूप महत्त्वाची गोष्ट. काही थीम खास बडीप्रेससाठी बनवलेल्या असतात आणि त्यांच्या स्वतःच्या फोल्डरातच आधीपासून बडीप्रेसची बदललेली टेम्प्लेट्स असतात. तुमची पॅरंट थीम अशी असेल तर कॉपी प्लगइनमधून घेऊ नका, पॅरंट थीममधून घ्या, कारण स्क्रीनवर जे दिसतंय ते तिथून येतंय. प्लगइनमधून घेतली तर त्या थीमची सगळी सजावट त्या पानावरून गायब होते. आणि बडीबॉस हा बडीप्रेसमधूनच फुटून निघालेला पण आता वेगळा झालेला प्लगइन आहे, त्याच्या फाइली बडीप्रेसच्या फाइलींत मिसळू नका.

चाइल्ड थीम

नसेल तर बनवा, पाच मिनिटांचं काम. थीम्सच्या फोल्डरात नवं फोल्डर करा, त्यात स्टाइल नावाची सीएसएस फाइल, तिच्या डोक्यावर कॉमेंटमध्ये थीम नेम आणि टेम्प्लेट अशा दोन ओळी. टेम्प्लेटपुढे पॅरंट थीमचं फोल्डरचं नाव लिहायचं, दिसायचं नाव नाही, अक्षर न् अक्षर तेच. मग एक फंक्शन्स नावाची पीएचपी फाइल रिकामी करून ठेवा. जिवंत साइटवर हे प्रयोग करू नका, होस्टिंगवाला स्टेजिंग, म्हणजे चाचणीसाठी साइटची वेगळी कॉपी, देत असेल तर तिथे करा, नाहीतर लॅपटॉपवरच वर्डप्रेस चालवू देणारं एक्झॅम्प टाकून साइटची कॉपी उतरवा. एक अर्धविराम राहिला तरी साइट पांढरी पडते, आणि ती पांढरी पडते तेव्हा बरोबर कुणीतरी व्यापारी ती बघत असतो.

बाहेरची चौकट

प्रत्येक बडीप्रेस पानाचे दोन थर असतात. बाहेरचा थर थीमचा, म्हणजे हेडर, फुटर, साइडबार, आणि आतला थर बडीप्रेसचा. २०१३ मध्ये १.७ व्हर्जनला बडीप्रेसने थीम कंपॅटिबिलिटी आणली तेव्हापासून कुठल्याही थीममध्ये ते चालतं, आतला मजकूर ते थीमच्या साध्या पेज टेम्प्लेटमध्ये ओततं. त्यामुळे होतं काय की तुमच्या पेजला साइडबार असेल तर मेंबर्सच्या पानालाही साइडबार येतो आणि यादी अर्ध्या रुंदीत आखडते.

यावर उपाय सोपा आहे. थीमची पेज फाइल कॉपी करून चाइल्ड थीमच्या मूळ फोल्डरात ठेवा, बडीप्रेस फोल्डरात नाही, आणि तिचं नाव बडीप्रेस डॉट पीएचपी करा. बडीप्रेस पेज फाइलच्या आधी या नावाची फाइल शोधतं. आता हिच्यातून साइडबारची ओळ काढा, कॉमेंट्सची ओळ काढा, पण पोस्टचा लूप आणि मजकूर छापणारं द-कंटेंट फंक्शन यांना हात लावू नका, कारण बडीप्रेस आपलं सगळं त्याच्यातूनच बाहेर काढतं. ते उडवलं तर हेडर-फुटरच्या मध्ये कोरी जागा दिसेल. या एका फाइलने मेंबर्स, ग्रुप्स, प्रोफाइल, सगळ्या पानांची रुंदी एकदम सुधारते.

खरं काम: मेंबर्सची यादी

आधी माहिती तर पाहिजे. डॅशबोर्डच्या यूजर्स मेनूत प्रोफाइल फील्ड्स असतात, तिथे फील्ड बनवा. आपल्या कारखानदारांसाठी मी हे घेईन: माल, परिसर, फोन, आणि बोलायची भाषा. भाषा कशाला म्हणाल तर सोलापुरात हे लागतं, पूर्व भागात तेलुगू बोलणारी घरं आहेत, कन्नड आहे, उर्दू आहे, बाहेरगावच्या व्यापाऱ्याला समोरचा हिंदी बोलतो का हे आधी कळलं तर फोन लावायला बरं पडतं.

माल आणि परिसर ही दोन फील्ड टेक्स्टबॉक्स ठेवू नका, निवडायच्या प्रकारची ठेवा, माल चेकबॉक्स आणि परिसर ड्रॉपडाउन. यामागे कारण आहे. मेंबर्सच्या पानावरचा सर्च प्रोफाइल फील्डमधला मजकूरही शोधतो, पण अक्षरं जुळली तरच. लोकांना टाइप करायला दिलं तर कोणी टॉवेल लिहितो, कोणी टॉवल, कोणी टाॅवेल, तिसऱ्यात तर चिन्हच वेगळं असतं पण डोळ्याला दिसत नाही, आणि मग सर्चमध्ये निम्मे कारखाने सापडतच नाहीत. ठरलेल्या यादीतून निवडायला दिलं की हा प्रश्नच मिटतो.

आता मेंबर्स-लूप फाइल उघडा. वरून खाली वाचत या. आधी मेंबर आहेत का हे विचारणारी एक अट, मग यूएल हा यादीचा एचटीएमएल टॅग, त्याला मेंबर्स-लिस्ट असा आयडी, मग व्हाइल लूप (एकेक मेंबर घेत फिरणारा कोड), आणि प्रत्येक मेंबरसाठी एक एलआय, म्हणजे यादीतली एक नोंद. एलआयच्या आत आयटम-अवतार नावाचा भाग फोटोचा, आयटम नावाचा भाग मजकुराचा. मजकुरात एच-टू मध्ये नाव, त्याखाली आयटम-मेटा क्लासचा परिच्छेद, ज्यात शेवटचं कधी ॲक्टिव्ह होता ते येतं, आणि त्याच्या खाली बटणं. आपल्याला नवी ओळ पाहिजे ती नावानंतर आणि या मेटाच्या आधी.

तिथे एक डिव्ह टाका, त्याला स्वतःचा क्लास द्या, समजा कारखाना-माहिती इंग्रजी अक्षरांत, आणि आत बीपी-मेंबर-प्रोफाइल-डेटा हे फंक्शन वापरा, त्याला फील्ड बरोबर फील्डचं नाव असं सांगायचं. हे फंक्शन या लूपच्या आतच चालतं, चालू मेंबर कोण ते त्याला लूपमधून कळतं. लूपच्या बाहेर कुठे, उदाहरणार्थ साइडबारमध्ये, हीच माहिती पाहिजे असेल तर एक्सप्रोफाइल-गेट-फील्ड-डेटा वापरा, त्याला फील्ड आणि यूजरचा आयडी दोन्ही द्यावे लागतात. मी फील्डच्या नावापेक्षा त्याचा आकडा, म्हणजे आयडी, वापरणं पसंत करतो, तो एक्सप्रोफाइल-गेट-फील्ड-डेटामध्ये चालतो, कारण उद्या कुणी डॅशबोर्डमधून माल हे नाव बदलून उत्पादन केलं तर नावावर चालणारा कोड गप्प बसतो आणि जागा रिकामी दिसते.

थेट छापण्यापेक्षा किंमत आधी व्हेरिएबलमध्ये घ्या (त्यासाठी बीपी-गेट-मेंबर-प्रोफाइल-डेटा वापरा, गेट नसलेलं फंक्शन थेट छापतं), रिकामी असेल तर डिव्हच छापू नका, आणि भरलेली असेल तर ईएससी-एचटीएमएलमधून, म्हणजे मजकुरातला कोड निकामी करणाऱ्या फंक्शनमधून, काढून मग छापा. चेकबॉक्सची किंमत कधीकधी ॲरे, म्हणजे अनेक किमतींची यादी, म्हणून हातात येते, तेव्हा ती स्वल्पविरामाने जोडून घ्या, नाहीतर पानावर ॲरे हा शब्दच छापला जातो.

फोनचं थोडं सविस्तर सांगतो कारण सगळ्या पानाचा जीव त्यात आहे. नुसता नंबर छापला तर मोबाईलवर तो सिलेक्ट करा, कॉपी करा, डायलरमध्ये टाका, कोण करतं एवढं. त्यामुळे लिंक करा, पत्त्यात टेल आणि पुढे विसर्गासारखा कोलन, मग नंबर. लिंकमध्ये नंबर टाकायच्या आधी त्यातले टॅग, स्पेस, डॅश सगळे काढून फक्त आकडे ठेवा, आणि आकडे १० च असतील तर पुढे अधिक ९१ लावा, लोक शून्य लावूनही लिहितात त्यामुळे सुरुवातीचा शून्य असेल तर तो आधी उडवा. लिंकवर मजकूर नंबरचा नको, फोन लावा असा ठेवा, आणि सीएसएसमध्ये त्या बटणाची उंची निदान ४४ पिक्सेल करा म्हणजे अंगठ्याने एका झटक्यात लागतं.

पण हे करताना खाजगीपणाचं भान पाहिजेच. प्रत्येक फील्डला व्हिजिबिलिटी असते, सगळ्यांना, फक्त मेंबरांना, फक्त मला वगैरे. मेंबरने फोन फक्त मेंबरांना असं ठेवलं असेल आणि तुम्ही यादीत फंक्शन लावून तो छापला, तर ही व्हिजिबिलिटी त्या फंक्शनने तपासली असेलच असं धरून चालू नका. स्वतः तपासा. बीपी-एक्सप्रोफाइल-गेट-हिडन-फील्ड्स-फॉर-यूजर नावाचं लांबलचक फंक्शन आहे, ते त्या मेंबरची, बघणाऱ्यापासून लपवायची फील्ड सांगतं, फोनच्या फील्डचा आयडी त्यात असेल तर बटण छापू नका. मग लॉगिन न करता, ब्राउझरच्या खाजगी विंडोत पान उघडून बघा. माणसाने विश्वासाने दिलेला नंबर चुकून उघडा पडला तर साइटवरचा भरवसा उडतो, आणि पेठेत एकदा भरवसा उडाला की तो परत बसवायला वर्षं जातात. सगळी कम्युनिटीच फक्त मेंबरांपुरती ठेवायची असेल तर १२.० पासून बडीप्रेसच्या ऑप्शन्समध्ये कम्युनिटी व्हिजिबिलिटी आली आहे, तिथे मेंबर्स ओन्ली निवडता येतं.

शेवटचं ॲक्टिव्ह कधी ही ओळ काढायची का? माझं मत काढू नये, फक्त बारीक करावी. कुठला कारखानदार साइट बघतो आणि कुठला नाही हे व्यापाऱ्याला त्यातून कळतं. बारीक करायला टेम्प्लेट लागत नाही, आयटम-मेटावर सीएसएस पुरतं.

यादीच्या फाइलीत काय मोडू नये

नूव्होमध्ये मेंबर्सची यादी पानाबरोबर थेट येत नाही. आधी मेंबर्स फोल्डरातली इंडेक्स फाइल येते, तिच्यात सर्चचा डबा, फिल्टर आणि यादीसाठी एक रिकामी जागा असते, आणि मग जावास्क्रिप्ट अजॅक्सने, म्हणजे पान पुन्हा न उघडता मागच्या मागे, लूपची फाइल मागवून त्या जागेत भरतं. सर्च केलं, पुढचं पान दाबलं, क्रम बदलला की प्रत्येक वेळी फक्त लूपची फाइल परत येते. यातून दोन गोष्टी निघतात. एक, प्रत्येक मेंबरबरोबर दिसायला पाहिजे ते सगळं लूपमध्येच लिहायचं, इंडेक्समध्ये लिहिलं तर ते एकदाच दिसेल. दोन, इंडेक्समधले आयडी आणि डेटा-बीपीने सुरू होणारे ॲट्रिब्यूट काढायचे नाहीत, एलआयवरचेही नाहीत. ते दिसायला फालतू वाटतात पण जावास्क्रिप्ट त्यांनाच धरून चालतं. डिझाइन स्वच्छ करायच्या नादात ते उडवले की यादीच्या जागी लोडिंगचा संदेश कायमचा फिरत राहतो.

एका पानावर २० मेंबर येतात आणि तुम्ही प्रत्येकाचं फील्ड वेगळं मागताय, तर डेटाबेसवर भार वाढतो. तीन-चार फील्डला काही होत नाही, दहा-बारा दाखवायला लागलात तर पान जड होईल आणि खरं सांगायचं तर एवढं यादीत कोणी वाचतही नाही, ते प्रोफाइलवर ठेवा.

प्रोफाइलचं डोकं

कारखान्याच्या प्रोफाइलवर वरच्या भागात कारखान्याचं नाव मोठं, त्याखाली परिसर, आणि बाजूला फोनचं बटण असं पाहिजे. यासाठी मेंबर्समधल्या सिंगल फोल्डरात मेंबर-हेडर फाइल आहे, ती कॉपी करायची, बदलायची आणि... काहीच होत नाही. कारण कव्हर इमेज चालू असेल तर बडीप्रेस ती फाइल वापरतच नाही, कव्हर-इमेज-हेडर नावाची शेजारची फाइल वापरतं. कुठली वापरली जातेय ते आधी सेटिंग्समध्ये बघून घ्या. चादरीचे सुंदर फोटो असतात या लोकांकडे, त्यामुळे कव्हर इमेज चालूच ठेवा असं मी म्हणेन, आणि दुसऱ्या फाइलवर काम करा.

इथे मेंबर लूप नसतो, त्यामुळे बीपी-डिस्प्लेड-यूजर-आयडी वापरून चालू प्रोफाइलचा आयडी घ्यायचा आणि एक्सप्रोफाइल-गेट-फील्ड-डेटाला द्यायचा. व्हिजिबिलिटीची तपासणी इथेही तशीच.

साइटवर नुसते कारखानदार नाहीत, सूतवाले आहेत, डाईंगवाले आहेत, ट्रान्सपोर्टवाले आहेत, आणि प्रत्येकाचं प्रोफाइल वेगळं दिसायला पाहिजे, तर मेंबर टाइप वापरा. यूजर्स मेनूतूनच टाइप बनवता येतात. मग सिंगल फोल्डरात फ्रंट-मेंबर-टाइप-डॅश-टाइपचं नाव अशी फाइल ठेवली की त्या टाइपच्या मेंबरचं प्रोफाइल उघडल्यावर पहिलं पान म्हणून तीच फाइल येते, फक्त कस्टमायझरमध्ये मेंबरांसाठी फ्रंट पेज चालू ठेवायला विसरू नका. डाईंगवाल्याचं पान वेगळं, सायझिंगवाल्याचं वेगळं, आणि मूळ कुठल्याच फाइलची कॉपी करावी लागत नाही, कारण या फाइली तुमच्या स्वतःच्याच. ग्रुपलाही अशीच सोय आहे, फ्रंट-स्लग-डॅश-ग्रुपचा स्लग, म्हणजे यूआरएलमध्ये दिसणारं त्याचं नाव. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, यात्रेच्या काळात स्टॉल घेणाऱ्यांचा ग्रुप केला तर त्याचं पहिलं पान असं खास बनवता येईल.

टॅब काढायचे, नावं बदलायची

यासाठी लोक नॅव्हची टेम्प्लेट फाइल कॉपी करून त्यात एलआय हाताने लिहितात, तसं करू नका. चाइल्ड थीमच्या फंक्शन्स फाइलीत बीपी-सेटअप-नॅव्ह या हुकवर मोठ्या प्रायॉरिटीने, १०० वगैरे, आपलं फंक्शन लावा, आणि त्यात बीपी-कोअर-रिमूव्ह-नॅव्ह-आयटमला टॅबचा स्लग द्या. प्रायॉरिटी छोटी ठेवली तर टॅब अजून तयारच झालेला नसतो, मग काढणार काय.

मराठी नावांसाठी आधी वर्डप्रेसची भाषा मराठी करा, जेवढ्याचं भाषांतर उपलब्ध असेल तेवढा मजकूर आपोआप मराठीत येतो. जे शब्द राहतात किंवा पटत नाहीत, मेंबर्सऐवजी कारखानदार वगैरे, ते लोको ट्रान्सलेट प्लगइनने बदला आणि सेव्ह करताना जागा कस्टम निवडा, म्हणजे अपडेटमध्ये पुसलं जात नाही. टेम्प्लेटमध्ये तुम्ही स्वतः लिहिलेले शब्द सरळ मराठीत लिहा, फक्त फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह झाली आहे ना बघा.

सीएसएस आणि देवनागरी

चाइल्ड थीममध्ये सीएसएस नावाचं फोल्डर करून त्यात बडीप्रेस नावाची सीएसएस फाइल ठेवली तर ती बडीप्रेसच्या सीएसएसमध्ये भर घालत नाही, तिची जागाच घेते. म्हणजे मूळ सगळं बंद. चार ओळी बदलायच्या असतील तर ही फाइल करू नका, चाइल्ड थीमच्या स्टाइल फाइलीत लिहा. बॉडीला बडीप्रेस आणि बीपी-नूव्हो असे क्लास असतात, ते पुढे लावले की तुमचा नियम बाकी साइटला लागत नाही.

देवनागरीत मात्रा, वेलांट्या आणि रफार वर जातात आणि उकार खाली, त्यामुळे इंग्रजीसाठी ठेवलेली ओळीची उंची पुरत नाही, बडीप्रेसच्या छोट्या बटणांत र्की, ट्रू अशी अक्षरं कापली जातात. लाइन-हाइट १.६ च्या आसपास घ्या आणि बटणांवर ठरावीक उंची न देता पॅडिंग द्या. मुक्तासारखा फॉन्ट घेतलात तर बारीक अक्षरातही नाव नीट वाचता येतं.

बदल दिसत नसेल तर

आधी कॅशे प्लगइन (पानांच्या साठवलेल्या कॉपी दाखवणारा) असेल तर बंद करा, मग पान कंट्रोल-शिफ्ट-आर करून उघडा. तरी नाही तर क्वेरी मॉनिटर प्लगइन टाका, वरच्या पट्टीत तो कुठलं टेम्प्लेट वापरलं गेलं ते दाखवतो. सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे तुमच्या कॉपी केलेल्या फाइलीत वर एक ठळक शब्द लिहून बघा, दिसला तर फाइल बरोबर जागी आहे आणि चूक आतल्या कोडात आहे, नाही दिसला तर फोल्डर तपासा.

अपडेट आलं की

इथे बहुतेक साइटी मागे पडतात. चाइल्ड थीममध्ये एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा आणि त्यात लिहा कुठली फाइल कॉपी केली, कुठल्या व्हर्जनमधून, आणि काय बदललं. नूव्होच्या प्रत्येक फाइलच्या डोक्यावर कॉमेंटमध्ये व्हर्जन लिहिलेलं असतं, म्हणजे ती फाइल शेवटची कधी बदलली ते कळतं. बडीप्रेसचं मोठं अपडेट आलं की स्टेजिंगवर टाका, तुमच्या प्रत्येक कॉपीच्या डोक्यावरचं व्हर्जन आणि प्लगइनमधल्या नव्या फाइलचं व्हर्जन शेजारी ठेवून बघा. सारखं असेल तर त्या फाइलला हात लावायची गरज नाही. वेगळं असेल तर व्हीएस कोडमध्ये दोन्ही फाइली कंपेअर करा आणि जुन्या कॉपीत नवं कोंबण्यापेक्षा नवी फाइल घेऊन तिच्यात तुमच्या चार ओळी परत टाका, ते जास्त लवकर होतं. त्यासाठी तुमच्या ओळींच्या आधी आणि नंतर कॉमेंट टाकून ठेवलेली असावी, नाहीतर आपल्या ओळी कुठल्या हेच शोधत बसावं लागतं. मग लॉगिन करून आणि न करता अशी दोन्हीकडून यादी, सर्च, दुसरं पान आणि फोनचं बटण तपासा, एकदा लॅपटॉपवर आणि एकदा कुणाच्या तरी साध्या अँड्रॉइड फोनवर, आणि हे सगळं जमलं की जिवंत साइटवर अपडेट करा, शक्यतो कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी.